तेरचं मशीन आणि साडूच्या कवड्या

माझ्या साडूनं मला फसवलं. चादरी धुवायच्या म्हणून त्यानं माझं मशीन नेलं आणि त्यात कवड्या घासल्या. गोष्ट एवढीच आहे. पण सासुरवाडीत ती सांगितली जाते तेव्हा तिला शेपटं फुटतात. कुणी म्हणतं, दोघांचंही थोडं थोडं चुकलं. कुणी म्हणतं, यंत्रच ते, कधीतरी झिजायचंच. मी समोर असलो की विषय बदलतात, उठून गेलो की पुन्हा काढतात. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तुळजापुरात देवळाकडं चढणाऱ्या एका गल्लीत त्याचं दुकान आहे. हळदकुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा. वर माडीवर यात्रेकरूंना द्यायच्या खोल्या. माणूस गोड बोलतो. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत त्याला मावशी, काका करून परत फिरवतो. ही कला मला येत नाही. मी भाव करताना आवाज चढवतो आणि समोरच्याला दमवतो. जनावरांच्या बाजारात वाढलो, तिथं तेच शिकलो.

बाजारात मी एका दलालाच्या हाताखाली होतो. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचे, शेपूट ओढून कंबर बघायची, मालक शपथा घेत असला तर दुसरीकडं बघत राहायचं. पुढं जनावरं सोडली आणि भंगार घेऊ लागलो. तिथंच एकदा एक कपडे धुवायचं जुनं मशीन आलं, दोन कप्प्यांचं. एका कप्प्यात धुवायचं, दुसऱ्यात पाणी झटकायचं. मोटर काढून घ्यायची आणि पत्रा वेगळा विकायचा, असा माझा हिशेब होता. मोडायच्या आधी सहज वायर जोडली, तर ते फिरायला लागलं. आता चालतं जनावर कसायाच्या दावणीला बांधायचं नाही, हा त्या दलालाचा नियम होता आणि त्याच्याकडून मी घेतलेली ती एकच चांगली गोष्ट. मशीन ठेवून घेतलं. मग दुसरं आलं. मग मी मागं लागून आणू लागलो.

आज धाराशिवच्या बाहेर माझी शेड आहे आणि तिच्यात चालणारी मशीनं रांगेनं उभी आहेत. एक आखातातून आलेलं, पुढं गोल काच असलेलं, इतकं जड की हलवायला चार माणसं लागतात. एक लाकडी पिंपाचं, हातानं दांडा फिरवायचं. काही आपल्याकडंच बनलेली, ज्यांचे कारखाने कधीच बंद झाले. रविवारी मी ती चालवतो. शेजारपाजारचे लोक गोधड्या, पडदे, पायपुसणी घेऊन येतात. फुकट धुऊन देतो.

यावरून मला गावानं शिव्याही दिल्यात. उन्हाळ्यात टँकर येतो आणि हा मशीनं फिरवतो, म्हणून एकदा लोक शेडच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना मी आत नेऊन दाखवलं. पहिल्या मशीनचं पाणी दुसऱ्यात जातं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. शेवटी काळं झालेलं पाणी गोणपाटं धुवायला लागतं आणि तिथून बाभळीच्या बुडाला जातं. एक थेंब गटारात जात नाही. बोअरचं पाणी क्षारांचं, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक टाकी घासून पांढरा थर काढावा लागतो. तो मी स्वतः काढतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. दाखवल्यावर लोक माघारी फिरले. एक म्हणाला, "तरीबी याडच हाय हे." ते मी मान्य केलं.

तर तेरचं मशीन.

तेरला एक बाई राहतात. गावात पूर्वी डॉक्टर नवरा-बायकोचा छोटा दवाखाना होता, बाळंतपणं व्हायची, तिथं त्या नर्स होत्या. सगळा गाव त्यांना बाईच म्हणतो. दवाखाना बंद झाला, डॉक्टर परगावी लेकाकडं गेले आणि जाताना मशीन बाईंना देऊन गेले. बाळांची दुपटी, बाळंतिणींच्या चादरी, सगळं त्यात धुतलेलं. बाहेरच्या देशातलं, पायांवर उभं राहणारं गोल मशीन. टाकीला आतून पांढरा मिना, जुन्या बेसिनला असतो तसा गुळगुळीत. मधे पात्यांचा खांब, तो मागं-पुढं मागं-पुढं वळतो. आणि वर पिळणी. लाटण्यासारखे दोन रबरी रूळ एकावर एक. त्यांच्यामधून ओला कपडा घातला की पाणी निथळून तो पापडासारखा चपटा बाहेर येतो. असं मशीन मी फक्त चित्रात पाहिलं होतं.

मला बातमी लागली तशी मी तेरला गेलो. बाईंनी ते ओसरीत झाकून ठेवलं होतं. मी वाकून खालून पट्टा बघितला, मोटरीचा वास घेतला, टाकीतून हात फिरवला. मिन्यावर एक ओरखडा नव्हता. मोटर अडकली होती, रबर सुकून तडकलं होतं. मी नेहमीसारखं तोंड वाकडं केलं.

"बाई, ह्यात आता काही राहिलं नाही."

"मग जावा की," बाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे पत्र्याच्या भावानं—"

"मला इकायचं न्हाय."

"मग मला कशाला बोलावलं?"

"म्या कुठं बोलावलं? तुमीच आलाव."

बसलो. चहा आला. मी दुसरा डाव टाकला, तिसरा टाकला. बाई शेंगा फोडत होत्या, मान वर न करता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "फुकाट घिऊन जा. पर दोन गोष्टी. तुमच्या हाताबाहेर जाऊ द्यायचं न्हाय. आन् चालू झालं की मला बगायचंय."

फुकट म्हटल्यावर मी सावध झालो. फुकट दिलेल्या बैलाच्या पायात खोट असते. विचारलं, "कधी कुठं दाखवायला न्यावं लागलं तर?"

"न्हाय."

"दुरुस्तीला?"

"तुमी जाताव का संगं?"

"जातो."

"मग चालंल."

मी भल्याभल्यांना घाम फोडलाय, पण त्या बाईंकडून मला एक बोटभर सूट मिळाली नाही. शब्द दिला आणि टेम्पोत घालून मशीन आणलं.

सोलापुरात छापखान्याच्या रुळांना रबर चढवून देणारा एक कारागीर आहे. त्याच्याशी रुळांवरून माझं इतकं वाजलं की त्यानं मला दुकानाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर त्यानंच हसत चहा सांगितला. रूळ नवे झाले. मोटर मी सोडवली. गिअरपेटीतलं जुनं तेल गुळासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडून काढलं. पट्टा पिठाच्या गिरणीचा बसला. आणि एका सकाळी मशीन चाललं. आवाज असा की म्हैस रवंथ करतेय. मी बाईंना फोन लावला आणि फोन टाकीजवळ धरला. 

मग बाई म्हणाल्या, "हाव. तेच हाय."

लगेच या म्हटलं, तर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मोतीबिंदू पिकला होता. "आता यिऊन काय बगू? पट्टी सुटू द्या, मग येते," म्हणाल्या. मला घाई नव्हती. मशीन माझ्या शेडमध्ये होतं.

त्याच सुमाराला अधिक महिना आला. या महिन्यात जावयांना धोंड्याचं जेवण असतं. पुरणाचे धोंडे, तूप, नवे कपडे. सासऱ्यांच्या घरी मी थोरला जावई, साडू धाकटा. दोघांची पानं शेजारी मांडली होती, भोवती रांगोळी, समोर सगळं घर बसलेलं. धाकट्या जावयानं अशा वेळी रुसायचं, काहीतरी मागायचं, मग सासूनं कबूल करायचं आणि त्यानं घास घ्यायचा, हा खेळ आमच्याकडं चालतो. साडू दरवेळी रुसतो. एकदा घड्याळ घेतलं, एकदा पंखा.

त्या दिवशी त्यानं हात मांडीवर ठेवला आणि ताटाकडं बघत राहिला.

सासूबाई हसल्या. "काय पायजे जावईबापू?"

"तुमच्याकडनं काय नको, मामी. तुमी लई दिलंय." आणि माझ्याकडं मान वळवून म्हणाला, "भाऊंनी द्यावं."

मेहुण्या हसायला लागल्या. मी म्हणालो, "काय देऊ? शेड देऊ?"

"शेड कशाला. ते गोल मशीन द्या चार दिस. आमचा धोबी गावाकडं लग्नाला गेलाय. खोल्यांच्या चादरी तुंबल्यात. यात्रेकरू नाक धरून झोपायलेत."

"माझ्याकडं दुसरी मशीनं आहेत. त्यातलं ने."

"ते पिळून देतंय ना. माडीवर वाळवायला जागा न्हाय मला."

"ते नको."

 त्यानं फक्त हात ताटापासून लांब सरकवला. आता हसणं थांबलं. तुपाचा थर धोंड्यावर गोठायला लागला. सासऱ्यांना मधुमेह, त्यांची वेळ टळत होती. जावई जेवल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. सासूबाई माझ्याकडं बघू लागल्या. बायकोनं पदराआडून मला खूण केली, द्या म्हणून.

बाजारात असतो तर मी त्याला अटींनी बांधलं असतं. काय धुणार, कुठं ठेवणार, कोण चालवणार, कोणत्या वारी परत. पण भरल्या पानावर भाव कोण करतो? तसं करणारा माणूस आमच्याकडं कायमचा हलका ठरतो. आणि हे साडूला चांगलं ठाऊक होतं. दुकानात मागितलं असतं तर मी त्याला दोन वाक्यात वाटेला लावलं असतं. त्यानं जागा निवडली. फसवणूक तिथंच सुरू झाली, कवड्या नंतर आल्या.

"ने," मी म्हणालो. "पण चादरीच."

"चादरीच. आईची आण," तो म्हणाला आणि मोठा घास घेतला.

बाईंना दिलेला शब्द माझ्या डोक्यात होता. पण साडू म्हणजे परका माणूस नव्हे, घरचाच. घरातल्या घरात वस्तू फिरली तर तिला हाताबाहेर गेली म्हणत नाहीत. मी आजही असंच म्हणतो.

चार दिवस गेले. फोन केला. म्हणाला, धोबी अजून आला नाही. पुन्हा केला. म्हणाला, आज मंगळवार, लई गर्दी, मरायला सवड न्हाय. पुन्हा केला तर मेहुणीनं उचलला आणि ते बाहेर गेलेत म्हणाली. तिच्यामागं मला त्याचाच खोकला ऐकू आला. मी बायकोला म्हणालो, तुझ्या बहिणीनं खोटं बोलायला कधीपासून सुरुवात केली? ती म्हणाली, "लग्न झाल्यापासनं. म्या न्हाय का तुमच्यापायी बोलत?"

तरी मी धीर धरला. माझ्यासारख्यानं धरला, हे लक्षात घ्या.

मग तेरहून फोन आला. बाईंची पट्टी सुटली होती. "लख्ख दिसायलंय," म्हणाल्या. "रव्वारी येते. पुतणसून हाय संगं. मशीन पुसून ठिवा, आता मला धूळ दिसती."

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन मी तुळजापूरला निघालो. वाटेत टेम्पोवाल्यानं विचारलं, "काय आणायचंय?" मी म्हणालो, "माझी अब्रू." तो हसला, मी हसलो नाही.

दुकानासमोर गिऱ्हाईक होतं. साडूनं मला लांबून पाहिलं आणि त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग लगेच गोड झाला.

"याऽ भाऊ! चहा सांगतो."

"मशीन कुठंय?"

"हाय की मागं. बसा तर."

मी बसलो नाही. दुकानाच्या बाजूच्या बोळातून मागं गेलो. मागच्या अंगणातून आवाज येत होता. म्हैस रवंथ करतेय तो आवाज नव्हता. पत्र्यावर गारा पडल्यासारखा. मी आयुष्यभर मशीनं ऐकलीत, पण हा काय प्रकार आहे ते मला कळेना. कपड्याचा असा आवाज होत नाही.

अंगणात मशीन उघड्यावर उभं होतं, बोअरच्या पाण्यानं खाली पांढरं झालेलं. टाकीत करडं पाणी आणि त्यात कवड्या. पोतंभर कवड्या आणि बारीक वाळू. पाती मागं-पुढं वळत होती आणि त्यांच्याबरोबर सगळा गाळ टाकीच्या अंगाला घासत फिरत होता. बाजूला धुऊन निघालेल्या कवड्यांचा ढीग गोणपाटावर वाळत होता. छान चमकत होत्या, खोटं कशाला सांगू. नवरात्राच्या माळांची तयारी.

मी वायर उपटली. बाह्या वर करून टाकीत हात घातला. जिथं मिना होता तिथं तळहाताला खरखरीत लोखंड लागलं. एका जागी नाही, सगळीकडं, विटकरीनं घासल्यासारखं. एक पातं मुळापासून तुटलं होतं. वरच्या रबरी रुळाला लांबलचक चीर होती. ती कशानं पडली असेल ते विचारायची वेळच आली नाही, कारण मागच्या दारात उभी असलेली मेहुणी म्हणाली, "त्यांनी ओल्या परड्या त्यातनं दाबून बघितल्या." बोलून तिनं जीभ चावली.

परड्या म्हणजे वेताच्या टोपल्या. पिळणीतून टोपल्या काढल्या यांनी.

साडू मागून आला. "भाऊ, ऐका तर. आधी चादरीच धुतल्या. मग म्हटलं मशीन नुसतंच उभंय—"

"उभंय तर उभं राहू द्यायचं होतं."

"कवड्या हातानं घासायला बायका मिळंनात. आन् देवीचंच काम हाय की हे. तुमच्या मशीनला पुण्य लागलं."

मी त्याची कॉलर धरली. खेचतच त्याला बोळातून पुढं दुकानात आणलं, कारण मागं ओरडून कुणाला ऐकू गेलं नसतं. पायरीवर एक बाई माळ हातात घेऊन उभी होती. मी ओरडलो, "ह्यानं मला फसवलं! चादरी म्हणून नेलं आणि दगडधोंडे घातले!"

"दगडधोंडे न्हाय, कवड्या," साडू म्हणाला. कॉलर माझ्या मुठीत असतानाही.

ती बाई म्हणाली, "आवं, तुमचं भांडण मागनं करा. ह्येची काय किंमत ते सांगा आदी."

आणि त्यानं सांगितली. माझ्या मुठीत मान असलेला माणूस गिऱ्हाइकाला भाव सांगत होता आणि ती कमी करा म्हणत होती. मी हात सोडला. अशा माणसाशी कसं भांडायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

टेम्पोत मशीन चढवताना तो शेजारी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, आतनं रंग मारून देतो. कुणाला कळत न्हाय." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाईंना फोन करा. झालं ते सांगा आन् येऊ नका म्हणा."

"मी का सांगू? मी केलंय काय?"

"मग ते कोण सांगणार?"

"ज्यानं केलं तो सांगेल."

"तो काय सांगतोय. तुमी बी असे आन् तो बी तसा," म्हणून ती आत गेली. ती कुणाच्या बाजूची आहे ते मी त्या दिवसापासून तिला विचारलेलं नाही.

दिवसभर मी कामाला लागलो. दुसऱ्या एका मोडक्या मशीनचं पातं कापून तिथं बसवलं. वाळू काढली, पुन्हा पुन्हा पाणी घालून, तरी तळाशी कुठंतरी करकर राहिलीच. चिरलेला वरचा रूळ काढून खाली बसवला, म्हणजे चीर सहज दिसणार नाही. मिन्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग मला सुचलं की टाकी आधीच भरून ठेवावी. साबणाचा भरपूर फेस. फेसाखालचं कुणाला दिसतं? ही लबाडी नव्हती. बाईंना मशीन चालताना बघायचं होतं, ते चालणार होतं. बाकीचा हिशेब मी साडूकडून वसूल करून पुढं मागं सगळं नीट करणारच होतो.

रविवारी बाई आल्या. तेरच्या गाडीनं स्टँडपर्यंत, तिथून रिक्षानं. डोळ्यांवर काळा चष्मा होता, शेडमध्ये आल्यावर त्यांनी तो काढला. पुतणसुनेचा हात सोडला आणि एकट्याच चालत मशीनपाशी गेल्या. मी वरून एवढा फेस केला होता की तो टाकीबाहेर सांडत होता.

"साबण लई घातला की," बाई म्हणाल्या.

"गोधडी आहे. मळकी."

"चालू करा."

मी कळ ओढली. मोटर गुणगुणली, पाती वळायला लागली, फेस डोलू लागला. बाई दोन्ही हात मशीनच्या कडेवर ठेवून उभ्या राहिल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता. सुरुवातीला त्यावर हसू होतं. मग त्यांनी डोळे मिटले. नवे डोळे घेऊन बघायला आलेली बाई, आणि ती डोळे मिटून ऐकत होती. 

"ह्यात काय तरी वाजतंय."

"गिअर नवीन बसलाय, बाई. जरा आवाज करतो."

"गिअर न्हाय. आत हाय काय तरी. बंद करा."

"अहो चालू द्या, गोधडी—"

"बंद करा म्हणते ना."

मी बंद केलं. त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात फेसात घातला. गोधडी बाजूला सारली. त्यांचा हात टाकीच्या अंगावरून फिरला आणि मधेच थांबला. पुन्हा फिरला, सावकाश, सगळीकडून, जसा मी शनिवारी फिरवला होता तसा. मग पात्यांच्या बुडाशी चाचपून त्यांनी एक कवडी बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली.

पुतणसून म्हणाली, "अगं बया! कवडी?"

"हे काय हाय?" बाईंनी मला विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. धोंड्याचं जेवण, त्याचा रुसवा, चादरी, आईची आण, परड्या. आवाज चढत गेला माझा. साडूला मी काय काय म्हणालो ते ऐकून पुतणसून बाहेर गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. 

"तुमचा साडू कोण?" मी थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना, तुळजापूरचा, दुकान—"

"म्या वळखते का त्याला?"

"नाही."

"म्या मशीन त्याला दिलंतं का?"

"बाई, माझा काय दोष? पानावर बसून मागितलं त्यानं."

"मला ते ठावं न्हाय. फेस कुणी केला?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण त्यांनी ते थांबून ऐकलं नाही. हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "टेम्पो सांगा. मशीन तेरला न्यायचंय."

मी खूप बोललो. दुरुस्त करतो म्हणालो. मिना चढवणारा माणूस शोधतो, मुंबईला जाऊन शोधतो. शेडमधलं दुसरं कोणतंही मशीन त्यांच्या दारात ठेवतो, तेही चालतं, फुकट. बाई ऐकत होत्या आणि टेम्पोची वाट बघत होत्या. भाव करायला समोर माणूस लागतो. त्या समोर असून नव्हत्या. टेम्पो आल्यावर पुढच्या सीटवर बसताना एवढंच म्हणाल्या, "ज्यानं केलंय म्हणताव, त्याला माझ्या म्होरं आणा. त्यो त्याच्या तोंडानं सांगू द्या. मग मशीन कुणाकडं ऱ्हायचं ते बगू."

ही गोष्ट मी त्याच संध्याकाळी साडूला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "म्या कामून जाऊ? म्या त्या बाईला वळखतबी न्हाय." मी सासऱ्यांकडं गेलो. सासरे म्हणाले, देवीच्या गावात राहतो तो, त्याचं मन दुखवू नका. सासूबाई म्हणाल्या, "बसून मिटवा. दोघं एका पंगतीला बसा, मी पुरण घालते." म्हणजे पुन्हा पान, पुन्हा रांगोळी, आणि पुन्हा मीच कबूल व्हायचं.

मी दोनदा तेरला जाऊन आलो. दार उघडं असतं. बाई ये म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. मशीन ओसरीत आहे, झाकलेलं. मिना गेलेल्या जागी लोखंड गंजायला लागलंय, कडेनं तांबूस पाणी आलेलं मी बघितलं. रबर चालवलं नाही तर पुन्हा सुकणार, तडकणार. गिअरपेटीत वाळू आहे, ती उघडून धुतली पाहिजे, लवकर. मी हात लावू का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "साडू आला का?"

लोक म्हणतात, एवढ्या जुन्या डब्यासाठी नातं तोडू नको. नातं कुणी तोडलं? कवड्यांच्या माळा नवरात्रात सगळ्या विकल्या गेल्या असं ऐकलं. चमक चांगली आली होती म्हणे. ती चमक कुठून आली ते माळ घेणाऱ्याला माहीत नाही, साडूला माहीत आहे.

साडूबुवा, मला तुमच्याकडून नवं मशीन नको, रंग नको, पंगत नको. तेर काही लांब नाही. स्टँडवर या, तिकीट मी काढतो. मी बाईंच्या ओसरीत पाय ठेवणार नाही, बाहेर रस्त्यावर उभा राहीन आणि तोंड उघडणार नाही, हे मी सगळ्यांसमोर कबूल करतो. आत तुम्ही एकट्यानं जायचं. चादरी म्हणून नेलं आणि कवड्या घातल्या, एवढंच म्हणायचं, आणि त्या जे विचारतील त्याला उत्तर द्यायचं. कोणत्या दिवशी येताय ते सांगा.